तक्त्यावरची चढती रेघ

लिंगराज गुरुजी आता पार थकले होते. सत्तावीस वर्षं झेडपीची मास्तरकी, गंगाखेडहून राणीसावरगावच्या पलीकडच्या वाडीपर्यंत रोजची ये-जा, आणि त्यात नवा फतवा आलेला: सातवीला पर्यावरणाचा विषय गणित घालून शिकवा, पोरांना संगणकासारखा पायरी-पायरीनं विचार करायला लावा. घ्या! शाळेतला संगणक दोन वर्षांपासून बंद. निम्मा वर्ग आईबापासंगं ऊसतोडीला गेलेला.

मग गुरुजींनी एका दोराला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि उरलेली अकरा पोरं गावच्या विहिरीवर नेली. दर शनिवारी कठड्यापासून पाण्यापर्यंत दोर सोडायचा, गाठी मोजायच्या, तक्त्यावर ठिपका देऊन मागच्या ठिपक्याला रेघेनं जोडायचा. आठवड्याला पाणी दोन फूट खाली जात असेल, तर तळ कधी लागेल? राणी नावाच्या पोरीनं आकडेमोड करून सांगितलं, "सर, होळीच्या आठवड्यात हीर आटती बगा." गुरुजींना लय दिवसांनी बरं वाटलं. गावानं पाण्याच्या टँकरसाठी केलेल्या अर्जाला पुरावा म्हणून तो तक्ता त्यांनी ग्रामपंचायतीत लावला.

त्या अर्जाच्या पाहणीला तालुक्याचे साहेब आले, त्या दिवशी गुरुजी नेमके मतदारयादीच्या कामात अडकलेले. साहेबांनी तक्ता पाहिला. रेघ चढत चढत वर गेलेली. "पाणी तर वाढायलंय की! टँकर कशाला?" अर्ज नामंजूर करून साहेब गाडीत बसले. अरे बाबा, दहा पावलांवर विहीर होती, डोकावून तरी बघायचं!

सरपंच बन्सीधर भडकले. "गुरुजी, तुमच्या कागदानं घात केला की हो." ती रेघ पाण्याची नव्हती, पाणी किती खोल गेलं त्याची होती. पण तेवढं तक्त्यावर लिहायचं गुरुजींकडूनच राहिलं होतं. ही चूक त्यांना रात्रंदिवस खात होती. तालुक्याला तीन खेपा घातल्या. दरवेळी एकच उत्तर, पुढच्या पाहणीत बघू. मन विटलं, चौथ्यांदा जायची ताकद राहिली नाही.

होळीच्या आठवड्यातल्या शनिवारी राणी पळत वर्गात आली. दोराचं टोक चिखलानं माखलेलं. विहिरीवर बायकांची रिकाम्या घागरी घेऊन भांडणं जुंपलेली, त्यांचा आवाज शाळेपर्यंत येत होता.

"सर, आपलं उत्तर बरोबर आलं!" ती तोंडभर हसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शाब्बास म्हणायला गुरुजींनी तोंड उघडलं, आणि त्यांना रडूच आलं.