वाढवून धरलेलं माप

मास्तरांच्या हृदयाची एक नळी बुजली होती. दवाखान्यात ती मोकळी केली, देवाने हात दिला आणि माणूस चौथ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आला. आल्या आल्या चप्पलसुद्धा न काढता ते पुढच्या खोलीत गेले. मशीनवरचं फडकं त्यांनी उचललं, खाली वाकून बघितलं, आणि तिथेच उभे राहिले. मशीनला पट्टा नव्हता.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाईचे. घराच्या पुढच्या खोलीत पन्नास वर्षं त्यांनी पायमशीन चालवलं. लोकांचे शर्ट शिवले, लोकांच्या मुलांचे शिवले, आणि त्या मुलांची पोटं सुटल्यावर त्यांचे शर्ट उसवून मोठेही करून दिले. त्या मशीनचं चाक फिरतं ते चामड्याच्या एका पट्ट्यावर. तो काढला की मशीन म्हणजे नुसतं टेबल.

"पट्टा माझ्या पर्समध्ये आहे," मुलगी म्हणाली. ती दोन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी राहते, एका शाळेच्या ऑफिसात काम करते, आणि रागावली की अगदी आईसारखी हळू बोलते. "बाबा, तुम्ही एकदा बसलात की चार-चार तास उठत नाही. जेवायला हाक मारली तर म्हणता, एवढी शिवण होऊ दे. छातीत दुखत होतं तेव्हाही तेच म्हणालात."

"तेव्हा खरंच थोडीच राहिली होती."

"तुमची शिवण की तुम्ही?" आतून काकूंनी विचारलं. काकू म्हणजे मास्तरांची बायको. सगळा मोहल्ला त्यांना काकू म्हणतो, म्हणून मास्तरही म्हणतात.

तर ठरलं असं. सहा आठवडे मास्तरांनी दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे चालायचं. मनगटावर घड्याळ बांधायचं. ते पावलं मोजणार, नाडी मोजणार आणि सगळं मुलीच्या फोनवर पाठवणार. नाडी हद्दीत राहिली आणि बाई हो म्हणाल्या तर पट्टा परत. नाहीतर मशीन झाकलेलंच बरं.

व्यायामाच्या बाई वयाने मुलीपेक्षाही लहान, पण बोलणं खणखणीत. "सुरुवातीला पाच मिनिटं रमतगमत. मग जरा वेगाने, पण बरोबरच्याशी बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की समजा जास्त झालं. शेवटी पुन्हा पाच मिनिटं हळू, एकदम थांबायचं नाही. दिवसाला तीन हजार पावलं. नाडी एकशे दहाच्या वर नाही. आणि छातीत दाबल्यासारखं वाटलं तर घड्याळ काहीही सांगो, खाली बसायचं आणि आम्हाला फोन करायचा. घड्याळ डॉक्टर नाही."

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून जुन्या मापांच्या वहीत लिहून घेतलं. पावलं ३०००. नाडी ११०. वर नेहमीच्या सवयीने गिऱ्हाइकाचं नाव लिहायला गेले आणि हसले. गिऱ्हाईक तेच होते.

घड्याळाचा रबरी पट्टा त्यांना मुळीच पसंत पडला नाही. "फिटिंग नाही. ढिला राहिला तर नाडी चुकीची दाखवणार, आवळला तर हात बधिर होणार." त्यांनी तो काढला, आणि मऊ कापडाचा दुहेरी पट्टा सुई-दोऱ्याने हातानेच शिवून काढला. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर असा चपखल बसला की बघत राहावं. बाईंनीसुद्धा वळवून वळवून पाहिला.

घड्याळाचं नाव त्यांनी सासूबाई ठेवलं. बसलं की उठा म्हणते, उठलं की बसा म्हणते.

"तुम्हाला सत्तराव्या वर्षी मिळाली," काकू म्हणाल्या. "मला विसाव्या वर्षी मिळाली होती. आणि तिला चार्जिंग लागत नव्हतं."

चालायला सोबत होती ड्रायव्हरची. हा शेजारचाच, निवृत्त बसचालक. गुडघे कुरकुरतात म्हणून तोही निघायचा. सकाळी दोघं रस्त्याच्या कडेने पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे. बोलत चाला म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ड्रायव्हरने आपल्या सगळ्या जुन्या बसगाड्यांचे स्वभाव सांगून संपवले. पहिले तीन आठवडे अंगात अजून अशक्तपणा होता, म्हणून कसेबसे तीन हजार भरायचे. मुलगी रोज रात्री फोनवर म्हणायची, "शाब्बास बाबा." एवढ्या शब्दावर मास्तरांना छान झोप लागायची.

चौथ्या आठवड्यात अंगात ताकद आली, आणि त्याबरोबर धंद्याची सवयही जागी झाली.

सवय अशी की मास्तरांनी आयुष्यात कुठलंही माप जसंच्या तसं कापलं नाही. छाती छत्तीस भरली की कापड चाळीसचं कापायचं. माणसाला श्वास घ्यायला, हात उचलायला, जेवून बसायला जागा नको? शिवाय आत माया सोडायची, म्हणजे शिवणीत दाबलेलं जादा कापड, पुढे लागलं तर उसवायला. टेपवर दिसतं ते अंगाचं माप आणि कापायचं ते वेगळं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. ते वहीतल्या तीन हजाराकडे बघायचे आणि मनात आपोआप साडेतीन हजार उमटायचे. एकशे दहाच्या जागी एकशे वीस. यात फसवणूक आहे असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. उलट माप मिळालं तेवढंच कापणारा शिंपी त्यांच्या मते कच्चा.

सहावा आठवडा संपत आला असताना एका सकाळी टाकीकडचा चढ चढताना सासूबाई मनगटावर गुरगुरल्या. एकशे बारा.

"थांब की," ड्रायव्हर म्हणाला.

"अजून... जागा आहे... आठची."

"मास्तर, तुझं वाक्य तुटतंय. ब्रेक लाव."

मास्तरांनी ब्रेक लावला नाही. वर टाकीची भिंत दिसत होती, पन्नास पावलं राहिली होती, आणि हातातलं काम अर्धं टाकायचं हे त्यांना कधी जमलंच नव्हतं. भिंतीशी पोचले तेव्हा आकडा एकशे चोवीस होता आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. ड्रायव्हरने बखोट धरून त्यांना कठड्यावर बसवलं, पाणी पाजलं. छातीत दुखलं नाही, ही देवाचीच कृपा. पाच-सात मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला.

घरी येऊन टेकतात न टेकतात तोच फोन वाजला.

"बाबा, एकशे चोवीस?"

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं आणि पटकन म्हणाले, "पट्टा ढिला झाला होता गं. सैल घड्याळ काहीही दाखवतं."

"मग असल्या घड्याळाचा काय भरवसा? परवा तपासणीला मी येतेच आहे, येताना दुसरं आणते."

फोन ठेवला तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. ड्रायव्हरने जाता जाता त्यांना सगळं सांगितलं होतं.

"तुमच्या हातचं फिटिंग सैल? पन्नास वर्षांत कुणी म्हणालं नाही, आज तुम्हीच म्हणालात."

"खरं सांगितलं तर पट्टा मिळायचा नाही."

"मशीनचा पट्टा हवाय ना? मग घड्याळाच्या पट्ट्यावर आळ कशाला घेता?" काकू त्यांच्याजवळ बसल्या. "मी रोज देवाजवळ तुम्हाला मागते. पोर तो आकडा बघून तुम्हाला जपते. आकड्याला खोटं पाडलंत तर उद्या खरा आकडा आला तरी कोण धावेल?"

मास्तर मनगटावरचा पट्टा बोटाने चाचपत राहिले. संध्याकाळी जेवणही नीट गेलं नाही.

तपासणीच्या दिवशी मास्तर आणि काकू दवाखान्यात पोचले, तशी मुलगीही नव्या घड्याळाचा डबा घेऊनच तिथे आली. ती तो उघडणार तोच मास्तर म्हणाले, "ठेव तो. घड्याळ बरोबर होतं. मी चुकलो." आणि त्यांनी चढ, ठिपके, कठडा सगळं सांगितलं. सांगताना वहीही पुढे केली. बाईंनी पाहिलं, ११० च्या शेजारी पेन्सिलीने १२० लिहिलेलं होतं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. तुम्ही अंगाचं माप दिलंत. मी दहा सोडले वर, जागा म्हणून."

मुलगी काहीतरी कडक बोलणार होती, पण बाईंनी हात वर केला. "मास्तर, तुम्हाला चालायच्या यंत्रावर चालवून तुमचं खरं माप आम्ही पहिल्याच दिवशी घेतलं होतं. ते एकशे दहापेक्षा जास्तच होतं. त्यातली जागा आम्ही आधीच सोडली, मग तुम्हाला आकडा दिला. तुम्ही त्याच्यावर आणखी सोडलीत."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. शिवलेल्या अंगरख्याचं माप घेऊन त्याच्यावर पुन्हा चार इंच! खांदे कोपरावर येतील. असं काम शिकाऊ माणसाने केलं असतं तर त्यांनी त्याला दिवसभर काजं करायला बसवलं असतं. "अरे देवा," ते म्हणाले, "हा तर कापडाचा सत्यानाश." आणि कानाला हात लावला. मुलीला रागातही हसू फुटलं.

"पण मग मशीनचं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

बाई थोडा विचार करून उठल्या. दवाखान्याच्या मागच्या बाजूला चादरी, गाऊन ठेवायची खोली होती. तिथे फाटकं-तुटकं शिवायला एक जुनं पायमशीन होतं. बाईंनी एक उसवलेली चादर त्यांच्यापुढे टाकली. "दहा मिनिटांचा गजर लावते. चालवा."

मास्तर बसले. पाय पायडलवर गेले आणि सहा आठवड्यांचा आखडलेला माणूस सुटला. मशीन टकटक बोलू लागलं, चादर सरकू लागली. बाई आकडे वाचत होत्या. ब्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. मास्तर खुशीत काकूंना सांगत होते की या मशीनला तेल नाही, इथे कुणाचं लक्षच नाही. वाक्य कुठेही तुटत नव्हतं.

"नाडी तर छान आहे," मुलगी कुजबुजली.

"नाडीची मला काळजी नव्हती," बाई म्हणाल्या. "पुढचं बघू."

गजर वाजला तेव्हा चादरीची चार बोटं किनार राहिली होती. चार बोटं म्हणजे तीन श्वासांचं काम. मास्तरांचे पाय खाली दाबलेले होते.  काकूंनी डोळे मिटून ओठ हलवले. मास्तरांनी त्या चार बोटांकडे असं पाहिलं जसं उपाशी माणूस ताटाकडे पाहतो. मग उजवा हात चाकावर ठेवला, चाक थोपवलं, सुई कापडात खाली रुतवली म्हणजे काम सरकू नये, आणि पायडलवरून पाय उचलले. आधी एक. मग, बऱ्याच वेळाने, दुसरा.

"आणि ते राहिलेलं?" बाईंनी विचारलं.

"उद्या," मास्तर म्हणाले.

काकू फसकन हसल्या. "जन्मभर गिऱ्हाइकांना उद्या उद्या करत टोलवलंत. खरंखुरं उद्या आज पहिल्यांदा ऐकलं."

बाईंनी कागदावर लिहिलं, दहा मिनिटं मशीन, मग उठून फेरी, दिवसातून दोनदा, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी. मुलीने तो कागद घेतला, दोनदा वाचला. मग पर्स उघडली. चामड्याचा पट्टा आत रुमालात गुंडाळलेला होता. तिने त्याला तेलाचं बोट लावून मऊ ठेवलं होतं. मास्तरांनी तो हातात घेतला, वाकवून पाहिला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पण बाबा," ती नेहमीसारखी हळू म्हणाली, "दहा म्हणजे दहा."

"दहा," मास्तर म्हणाले. वहीत त्यांनी १० लिहिलं. पेन्सिल त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर क्षणभर टेकली. त्यांनी ती उचलून कानावर ठेवली.