बारकीताईची तीन बटणं

मला आभार मानता येत नाहीत. कुणी प्रेमाने साडी दिली तरी मी आधी काठ उलटून बघते, असं माझ्या सासूबाई म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. तरी हे लिहायला बसले आहे ते एका बाईचे आभार मानायलाच. तोंडावर मानले होते, पण ते तिने ऐकूनच घेतले नाहीत.

२००५ साली मी वैशाखऱ्याच्या नाक्यावर एक खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली, 'टायपिंग, झेरॉक्स, संगणक'. संगणक एकच होता, पण पाटीवर तसं लिहायची गरज नव्हती. मी राहायला मुरबाडला. सकाळच्या एसटीने यायचं आणि संध्याकाळी पाचच्या एसटीने परत जायचं. खोली झाडायला आणि मी गेल्यावर कुलूप लावायला बारकी होती. ती वरच्या डोंगरातल्या ठाकरवाडीतली. वाडी अकरा घरांची, तिथून नाक्यावर उतरायला पाऊण तास लागायचा. वयाने ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायला हवं होतं, पण मी म्हणत नव्हते. ती मला बाई म्हणायची आणि मी तिला नुसतं बारकी.

बारकीची एक सवय होती. कुलूप लावण्याआधी ती मीटरशेजारचा मेन स्विच खाली ओढायची. पंखा, दिवे, संगणक सगळं बंद आहे असं शंभर वेळा सांगितलं तरी ओढायचीच. मला वाटायचं, अडाणी भीती, दुसरं काय.

संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला तेव्हा चांगली चार-पाच मिनिटं लागत, आणि मला धीर धरवत नाही. म्हणून मी त्याला पूर्ण बंद न करता 'स्टँड बाय' करून ठेवायची. त्यात पडदा काळा होतो, पंखा थांबतो, पुढचा हिरवा दिवा मात्र मिचमिचत राहतो. सकाळी बटण दाबलं की तीन सेकंदात काल सोडलेलं पान समोर. एरवी मी निघताना बारकीला तेवढं बजावून जायची, की आज स्विच ओढू नकोस. २००७च्या मार्चमध्ये मी एका संस्थेचा चाळीस पानी अहवाल अर्ध्यात ठेवला, संगणक झोपवला, आणि बजावायचं विसरून एसटी पकडली. बारकीने नेहमीप्रमाणे स्विच ओढला. यूपीएसची बॅटरी तास-दोन तास टिकली असेल. सकाळी येऊन बघते तर दिवसभराची बारा पानं गायब.

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाहेर वडा तळणारा कमळूसुद्धा झारा हातात धरून आत बघायला आला. बारकीने आपलं काम चालू ठेवलं. झाडू मारून झाला, माठात पाणी भरून झालं, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, ता इझला व्हता का झोपला व्हता?"

"झोपला होता."

"झोपलेल्याला बी वीज लागते?"

मी अजून रागातच होते, पण प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे संगणक शिकायला येणाऱ्या एकाही पोराने तो कधी विचारला नव्हता. मी तिला सांगितलं, की काम चालू असताना संगणक सगळं मनात धरून ठेवतो. झोपवला तरी मनातच धरून ठेवतो, आणि मनात धरायला थोडीशी वीज लागतेच. ती तुटली की सगळं विसरतो.

"म्हंजे राखंखालचा इस्तव," ती म्हणाली. "वरून दिसत नाय, पण आत जिता असतो."

मग तिने मेन स्विचचं कारण सांगितलं. रात्री चुलीतला विस्तव राखेत झाकायचा आणि सकाळी त्याच्यावरच चूल पेटवायची, ही त्यांची रोजची रीत. पण घर सोडून सगळे लांब जाणार असतील तर चूल पाणी घालून विझवायची. घरात माणूस नाही तर आगही नाही. १९९४च्या चैतात मोहाची फुलं वेचायला सगळी वाडी गेली होती, तेव्हा बारकी विस्तव नुसता झाकून गेली. लवकरच परत यायचं होतं म्हणून. वारा सुटला आणि तिचं गवताने शाकारलेलं घर जळालं. त्या घरात एक पत्र्याची ट्रंक होती. तिचे सासरे वाडीत अक्षरओळख असलेले एकटे, म्हणून अकराही घरांचे कागद त्यांच्याकडे ठेवलेले असत. जंगलातली जमीन कसतात म्हणून जंगल खात्याने वर्षानुवर्षं फाडलेल्या दंडाच्या पावत्या, दुसरं काही नाही. त्या गेल्या.

"कुणी मला बोलला नाय, बाई. एक बी माणूस नाय. पण नव्या घरात कुणी कागद ठेवाया बी दिला नाय," ती म्हणाली.

माझा राग कुठच्या कुठे गेला. ते दाखवायचं नव्हतं म्हणून मी तिला पुढचं समजावलं. संगणकाला झोपवण्याची आणखी एक रीत आहे, तिला 'हायबरनेट' म्हणतात. त्यात तो मनातलं सगळं आतल्या डिस्कवर लिहून काढतो आणि मगच विझतो. मग वीज आठ दिवस नसली तरी चालते. पुन्हा सुरू केला की लिहिलेलं वाचून घेतो आणि जिथे सोडलं तिथूनच काम चालू.

बारकीने डोळे बारीक केले. "मंग रोज त्याच का नाय करत?"

"त्याला अर्धं मिनिट जातं, आणि उठायलाही जरा वेळ लागतो."

"अर्धा मिनीट!" ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं.

तिने हट्टच धरला, मला शिकवा. मी कीबोर्डवरच्या तीन बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. खिडकीचं चित्र असलेल्यावर एक, यू वर दोन, एच वर तीन. झोपलेला असेल तर आधी डब्यावरचं गोल बटण हळूच दाबायचं, पडदा उजळला की एक, दोन, तीन या क्रमाने ठिपके दाबायचे. माझ्यासमोर तिने तीन-चार वेळा करून दाखवलं. मग मी दम दिला, "मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही." आणि दोन महिन्यांत मी पुन्हा माझ्या स्टँड बायवर आले. सवयीला औषध नाही.

२००८च्या उन्हाळ्यात वनहक्काचे दावे, म्हणजे कसत आलेली जंगलातली जमीन नावावर करून मागणारे अर्ज, भरायला सुरुवात झाली. जुन्या दंडाच्या पावत्या पुरावा म्हणून चालल्या असत्या, पण वाडीच्या अकरा घरांकडे कसलेल्या जमिनीचा एकही कागद नव्हता. का नव्हता, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एक वाट उरली होती. जुन्या जाणत्या माणसाने सांगितलेला जबाब लिहून दिला तर तो पुरावा म्हणून धरत. वाडीत तेवढं जुनं माणूस एकच, बुधूबाबा. ऐंशीच्या पुढचे, दम्याने खिळखिळे झालेले. त्यांचं स्वतःचं ना घर, ना जमीन, आयुष्यभर दुसऱ्यांची गुरं राखली, म्हणून त्यांना डोंगराचा कानाकोपरा ठाऊक. बारकीचा नवरा पंढरी आणि आणखी तिघांनी त्यांना झोळीत घालून खाली आणलं. दावे दोन दिवसांनी तालुक्याला द्यायचे होते.

बाबा दोन वाजता बोलायला लागले ते थांबेचनात. कुठल्या ओहळापासून कुणाची नाचणी, कुठल्या वर्षी कुणाच्या बापाने कुठला बांध घातला, कुठल्या आंब्याखाली कुणाचं खळं. मधे खोकला यायचा, पाण्याचा घोट घ्यायचे, पुन्हा सुरू. मी ऐकत ऐकत टाइप करत होते. पोरांना मी दर पाच मिनिटांनी 'सेव्ह करा, सेव्ह करा' म्हणून पिडते. त्या दिवशी तीन तासांत मी स्वतः एकदाही केलं नाही. थांबले तर बाबांची तार तुटेल, असं वाटत होतं.

पाचला पाच कमी असताना मुरबाडहून माझ्या मोबाइलवर फोन आला, माझी धाकटी मुलगी जिन्यावरून पडली होती, हात मोडला असावा. बाबांना घेऊन माणसं निघालीच होती. एसटी येऊन उभी राहिली. मी हात आपोआप जिथे जातो तिथे नेला, संगणक झोपवला आणि पळत सुटले. दारातून ओरडले, "बारकी, स्विच ओढू नको! झोपवलाय त्याला!"

एसटी टोकावड्याच्या पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की अकरा पानं कुठेही ठेवलेली नाहीत, नुसती मनात आहेत. माझ्याशिवाय नाक्यावर फोन फक्त कमळूकडे, आणि तो पाचलाच दुकान आवरून घरी गेलेला. मनाची समजूत घातली, की भारनियमन रात्री दहाला आहे आणि यूपीएस थोडं तरी धरेल. खोटी समजूत होती. दहाला गेलेली वीज सकाळीच यायची.

पुढचं बारकीने मला सांगितलं ते असं. स्विच ओढायचा नाही म्हणजे जिता विस्तव ठेवून घर बंद करायचं, ते तिला जमेना. अशा दिवशी ती लगेच कुलूप लावत नसे, रात्री उशिरापर्यंत आतच बसून राहायची, हे मला तेव्हा कळलं; त्या दिवशीही तशीच बसली. म्हणजे माझ्या अकरा पानांची राखण करत नव्हती, आगीची करत होती. सहाला वीज गेली. भारनियमनाची वेळ त्याच दिवशी बदलली होती. यूपीएस थांबून थांबून टुकटुक करू लागलं. तासाभराने टुकटुक जवळजवळ येऊ लागली, तेव्हा तिला कळलं की विस्तव विझत आला. मी तर हात लावू नको म्हटलेलं. ती म्हणाली, "मंग म्हटला, शिव्या उद्या खाईन." तिने गोल बटण दाबलं. पडदा उजळला. तिने एक ठिपका दाबला, मग दोन, मग तीन. पडद्यावर काहीतरी निळं दिसलं, ते तिला वाचता येत नव्हतं. डबा घरघरला, थांबला, दिवा विझला. लिहून विझला की नुसताच विझला, हे तिला कळायला मार्ग नव्हता. मग तिने मेन स्विच ओढला आणि कुलूप लावून वाडीवर गेली.

सकाळी ती पायरीवर बसलेली दिसली. मुलीच्या हाताला प्लास्टर घालून मी पहिल्या एसटीने आले होते. ती उठली नाही.

"बाई, बुधूबाबाची जीभ गेली. पहाटं उजवी बाजू पडली. बोलतच नाय." आणि मग, "मी तुमचा आयकला नाय. इझवला त्याला."

मी तशीच आत गेले. वीज होती. मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर छोटी पट्टी सरकू लागली. बारकी मागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. पडदा उजळला. अकरावं पान, शेवटची ओळ अर्धी, आणि तिच्या टोकाशी लुकलुकणारी उभी रेघ.

मी आधी सेव्ह केलं. मग मी रडले. मग 'बारकीताई' म्हटलं. पहिल्यांदाच.

"रडता काय, छापा आता," ती म्हणाली.

छापून आम्ही दोघी वाडीवर गेलो. बाबा खाटेवर पडलेले, पण कान शाबूत होते. मी अकराही पानं त्यांना वाचून दाखवली, सगळी वाडी भोवती बसली होती. सातव्या पानावर 'तीन आंब्यांपासून' असं वाचलं, तशी त्यांनी डाव्या हाताची चार बोटं वर केली. मी घाईत चुकलेच होते. पेनने तिनाचे चार केले आणि त्यांनी होकाराची मान हलवली. डाव्या अंगठ्याला पंढरीने शाई लावली. प्रत्येक पानावर एक अंगठा, आणि दुरुस्तीशेजारी एक. पावसाळ्यात बाबा गेले.

दाव्यांना दीड वर्ष लागलं. चकरा, मोजणी, पुन्हा चकरा. २००९च्या शेवटी अकरा घरांना अकरा कागद मिळाले, नवरा-बायको दोघांच्या नावाने. दुसऱ्याच दिवशी बारकीताई दुपारी खाली आली आणि पदराखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला.

"माझा नाव कुठं हाय, दाखवा."

मी दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी आभार मानायला तोंड उघडलं, की तुझ्यामुळे माझी लाज राहिली, तुझ्यामुळे बाबांचं बोलणं वाया गेलं नाही. तिने ते मधेच तोडलं. तिला दुसरंच काहीतरी सांगायचं होतं. पिशवीतून तिने आणखी कागद काढले. मोजले तर दहा.

"काल समदी माझ्या घरी आली व्हती," ती म्हणाली. "म्हणतात, नवी ट्रंक आणू. ती तुझ्याच घरात राहू दे."