चार बोटं साल

मामाच्या पायाचे अंगठे बाकीच्या बोटांपासून फटकून असायचे. ते चपलेत नीट मावायचे नाहीत, म्हणून तो लग्नालाही अनवाणी यायचा. तीस वर्षं झाडांवर चढून पाय असे झाले होते. आई म्हणायची, देवाने माझ्या भावाला चार हात द्यायचे ठरवले होते, आयत्या वेळी हात आखडता घेतला.

मामाचं काम सावली छाटण्याचं. कॉफीच्या झुडपांना भर ऊन सोसत नाही आणि फार सावलीत ती फळत नाहीत, म्हणून मळ्यात मधे मधे मोठी झाडं असतात आणि त्यांच्या फांद्या छाटून हवं तेवढंच ऊन खाली सोडावं लागतं. आमच्या मळ्यात अशी चौतीस जातींची झाडं होती. पांगारा, शिरीष, फणस, उंबर, बेहडा, काटेसावर असं करत मामा बोटं मोजायला लागला की समोरच्याने हळूच काढता पाय घ्यावा. कुणाची पानं कधी झडतात, कुणाची फांदी कशी मोडते, हे तो घरातल्या माणसांच्या खोडी सांगाव्यात तसं सांगायचा. प्रत्येक जातीची छाटायची वेळ वेगळी, त्यामुळे त्याला बारमाही काम असायचं आणि आम्हाला बारमाही बडबड.

चौतिसाव्याला नाव नव्हतं. उताराच्या टोकाला ते एकटंच उभं होतं. तसलं दुसरं झाड मामाने कुठेच पाहिलं नव्हतं आणि त्याचं बी कधी रुजलं नाही. कुठून आलं कुणाला ठाऊक नाही, म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणायचे. मामाचा त्याच्यावर फार जीव. लाकूड चिवट होतं, त्याची फांदी कधी पायाखाली कुरकुरलीसुद्धा नाही.

माझे बाबा आधी खाली फळं तोडायचे. मामाने त्यांना वर चढायला शिकवलं आणि मग दोघांची जोडीच जमली. एकाने वर जायचं, वरची फांदी बघून तिच्यावरून दोर टाकायचा, दुसऱ्याने खाली दोर धरायचा. पहिल्याच दिवशी मामाने त्यांना लाल मुंग्यांची गोष्ट सांगितली होती. या मुंग्या पानं जोडून घरटं करतात आणि त्यासाठी त्यांना ओली, जिवंत पानं लागतात. वाळलेल्या फांदीवर त्या राहत नाहीत. "दाजी, जिथं मुंग्या तिथं बिनधास्त दोर टाका," मामा म्हणाला होता. "चावतील, पण पाडणार नाहीत." बाबांनी हे इतकं मनावर घेतलं की संध्याकाळी आई त्यांच्या मानेवरचे चावे मोजायची आणि ते कौतुकाने मोजून घ्यायचे.

पुढे मालकांचे जावई मळा बघायला लागले. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. साहेबांना चौतीस जातींचा पसारा नको होता. सगळीकडे सिल्व्हर ओक लावायचे, सरळसोट, एका मापाचे, म्हणजे लाकूड कारखान्याला देता येईल. जुनी झाडं हिरवी असताना पाडली तर खालची कॉफी चिरडते. म्हणून त्यांना उभ्या उभ्या मारायचं असतं. बुंध्याभोवती वीतभर रुंदीची साल सोलून कडं काढायचं की झाड हळूहळू वाळतं आणि मग तुकड्या-तुकड्यानं उतरवता येतं. हे काम मामाला मिळालं. झाडं ओळखणारा दुसरा होता कोण?

त्या उन्हाळ्यात त्याने शेकडो झाडांची कडी काढली. घरी आला की हात धूत बसायचा, चीक निघत नाही म्हणायचा. बडबड बंद झाली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. घरात जरा शांतता होती.

पाहुण्याची पाळी आली तेव्हा मामाने कडं काढलं, पण पुरतं नाही. उताराच्या अंगाला बुंध्यावर मिरीचा वेल दाट चढला होता. त्या वेलाखाली त्याने चार बोटं साल तशीच राखली. तेवढ्यातून झाड जगेल असं त्याला वाटलं. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच, कारण बाबांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

दोन वर्षांत पाहुण्याची उताराकडची बाजू हिरवी राहिली आणि दुसरी, रस्त्याकडची, आतून वाळली. पण मिरीचा वेल तोवर सगळ्या झाडावर पसरला होता. मेलेल्या फांद्यांवरही त्याचीच पानं डुलत होती. खालून बघणाऱ्याला झाड धडधाकट वाटे.

एका सकाळी साहेब तिकडून चालले होते. पाहुण्याखाली लावलेली सिल्व्हर ओकची रोपं उन्हासाठी वाकडी झालेली त्यांना दिसली. हे झाड कडं काढायच्या यादीतून सुटलं असावं असं समजून ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता वरच्या फांद्या उतरवा, मी थांबतो. चढायची पाळी बाबांची होती. मामा दोर धरून उभा राहिला.

पुढचं मामाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मेलेली बाजू कोणती ते त्याला माहीत होतं. तसं म्हणावं तर साहेब वेल बाजूला करून बघणार, साल दिसणार, काम जाणार आणि झाडही जाणार. बाबांना फक्त त्या बाजूपासून लांब ठेवलं की झालं, असं त्याने ठरवलं. काहीतरी सांगायचं म्हणून, जे पहिलं सुचलं ते तो बोलला.

"दाजी, रस्त्याकडच्या बाजूला जाऊ नका. तिकडं मुंग्या आहेत."

बाबा वरून हसले आणि त्याच बाजूला गेले. वेलाच्या पानांत त्यांनी मुंग्या शोधल्यासुद्धा नसतील. मामाने सांगितलंय म्हणजे आहेत. त्यांनी तिथल्या फांदीवरून दोर टाकला आणि सगळा भार दोरावर दिला. मामाच्या लक्षात आलं आणि त्याने हाक मारली, तोवर फांदी खाली येत होती.

बाबा दुपारपर्यंत होते. दवाखान्याच्या खाटेवर त्यांना माती लागलेल्या कपड्यांतच ठेवलं होतं. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं की माणूस निष्काळजी होता. मामाने ते ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला. आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने सुरुवातीपासून सगळं सांगितलं, वेल, चार बोटं साल, दोर. त्याचं झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "होत्या का तिथं मुंग्या?"

"नव्हत्या, ताई."

आई आत गेली. ती मामाशी परत बोलली नाही. त्याचा डबा मात्र रोज भरायची आणि मला पोचवायला लावायची. मी तो त्याच्या पायरीवर आपटून यायचे.

साहेबांच्या लेखी पाहुणा यादीतून सुटलेलाच होता. त्यांनी त्याचं कडं काढायला सांगितलं, तेव्हा मामाने पहिल्यांदा नाही म्हटलं. हात चालत नाही म्हणाला. त्याला सावलीवरून काढून गोण्या शिवायला बसवलं, आणि झाड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसंच राहिलं. कामावर जाता-येता मला ते दिसायचं. अर्धं हिरवं, निवांत. माझा बाप गेला आणि हे नवी पानं काढतंय, या विचाराने माझ्या अंगाची आग व्हायची.

एका रविवारी मी मामाचाच कोयता घेऊन गेले. वेल ओढून काढला. साल तिथे होती, चार बोटं, गार आणि ओलसर. हात लावला तर खालचं झाड जिवंत असल्याचं कळत होतं. मी ती सोलली. चौतिसावी जात संपायला एवढासा वेळ लागला, आणि मला वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही. मी खाली बसून राहिले.

कोयता परत ठेवायला गेले तेव्हा मामा पायरीवर बसला होता. पात्यावरचा चीक त्याने बोटाने पुसला आणि वास घेतला. कुठल्या झाडाचा ते त्याला विचारावं लागलं नाही. तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडावं असंही वाटलं.

"पुरतं काढलंस ना?" त्याने विचारलं. "सगळीकडून?"

मी हो म्हटलं.

"तरी उद्या मी बघून येतो," तो म्हणाला. "थोडं जरी राहिलं असेल तर हिरवं दिसत राहील. कुणीतरी चढेल."