जाळं रिकामं असन तर जड काऊन लागते?

मंडळी, आज छाती फुगवून लिहून राह्यलो. चूक मात्र माहीच होती.

गोंडपिपरीतल्या माह्या कॉम्प्युटर क्लासात शेवंताबाई येते. तिच्या घरी तळ्यावरची मासेमारी. मच्छीमार सोसायटीच्या सगळ्या मेंबरांचे फोटो तिच्या पेनड्राइव्हमधी होते, दुसरीकडं कुठीच नाई. उद्या ते मेंबरांच्या ओळखपत्रासाठी चंद्रपूरच्या ऑफिसात न्यायचे होते. आज लिनक्स शिकवता शिकवता जुनं सामान समजून मीच ते डिलीट केले.

वरून पेनड्राइव्ह रिकामा दिसे, तरी जागा फुल्ल दाखवे. मी म्हटलं, "बाई, फोटो गेले. हा ड्राइव्हबी बिघडला, फॉर्मॅटच करतो."

तिनं माहं मनगटच धरलं. "थांबा सर! जाळं रिकामं असन तर हाताले जड काऊन लागते? मासोळी आतच हाये."

मी लपलेल्या फायली दाखवायले कंट्रोल आन् एच दाबलं. ट्रॅशचं फोल्डर वर आलं. पेनड्राइव्हमधून डिलीट केलेलं लिनक्सनं पेनड्राइव्हमधीच लपवून ठेवलं होतं! सगळे फोटो त्यात सापडले.

दोन महिन्यांआधी शेवंताबाई माउसले हातबी लावत नसे. आज त्याच हातानं माहा हात थांबवला.

तुमचा हात असा कोणत्या विद्यार्थ्यानं धरला का कधी?