दसऱ्याला न उठलेला डेटाबेस

दुष्काळाच्या वर्षांत मी टँकर पुरवणाऱ्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचो. शहर गारखेडा वस्तीच्याही पलीकडं पसरलं होतं, नळ मात्र मागंच राहिले होते. कॉम्प्युटरमधून चिठ्ठी निघाल्याशिवाय पंपावर कोणी टँकरला नळी लावायचं नाही.

खंडेनवमीला आम्ही सर्व्हर बंद करून त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. माझा ऑफिसातला जोडीदार भलताच उत्साही. त्यानं पूजेआधी मशीन बाहेरून पुसलंच, आतूनही झाडून घेतलं, नको त्या फायली उडवल्या. मला वाटलं, बरं झालं, आयतं काम झालं.

दसऱ्याच्या सकाळी सर्व्हर चालू केला, तर टँकरच्या सगळ्या नोंदी ठेवणारा डेटाबेस उठेना. फेल. पुन्हा फेल. तो सुरू करायच्या आज्ञांची स्क्रिप्ट लिहिणारा शहाणा केव्हाच पुण्याला गेला होता, आणि चूक पडद्यावर दिसूच नये अशी सोय करून गेला होता. बाहेर टँकरची रांग उन्हात तापत होती. एक ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, "क्या साब, आज होताइच नै क्या?" मला रडायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात आईचा फोन. आमच्या गल्लीत दोन दिवस पाणी नव्हतं. "मी समद्यांना सांगितलंय, दुसरीकडून मागवू नका, माझं लेकरू तिथंच हाय. येतोय ना रे टँकर?"

"व्हय," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

स्क्रिप्टमधल्या भाषा ठरवणाऱ्या ओळीचा मला संशय आला. तिथं मराठी काढून इंग्रजी घातली. फेल. शेवटी चूक लपवणारी ओळच उडवली, तेव्हा खरं कारण दिसलं. गावांची नावं मराठी क्रमानं लागावीत म्हणून डेटाबेस मराठीतच बांधलेला. उठताना तो मशीनकडं मराठीचे नियम मागत होता, आणि ते मशीनमध्ये नव्हतेच.

जोडीदाराला विचारलं. "लई भाषा पडल्या होत्या रे आत, जपानी काय, रशियन काय. इंग्रजी ठेवली, बाकी साफ केल्या."

"मराठीपण?"

"सेटिंगमधी समदं इंग्रजीच दिसत होतं ना!"

त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण त्यानं टँकर निघणार नव्हते.

नेटच्या डोंगलवरून मराठी पुन्हा उतरवण्यात दुपार गेली. नेट यायचं, जायचं. मी आठवतील तेवढ्या देवांना हात जोडले. शेवटी डेटाबेस उठला. चिठ्ठ्या निघाल्या, आणि आमच्या गल्लीचा टँकर दिवेलागणीला पोचला.

घरी आलो तर आमचं पिंप कोरडं. आई ओट्यावर बसली होती.

"टँकर नाय आला?"

"आला की. माझ्या शब्दावर लोक दिवसभर उन्हात थांबले, बाबा. आपलं पिंप पुढं कोणत्या तोंडानं लावू? समद्यांच्या मागं लावलं. शेजारच्यांपर्यंत पुरलं पाणी."

शेजारणीनं दिलेली एक कळशी पाणी आईनं मला हातपाय धुवायला ठेवलं होतं. मला त्या कळशीला हात लाववेना.