ग्लेन वेव्हर्लीतलं स्वतंत्र स्कॉटलंड

तात्या चिडलेले नाहीत असं मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्यांना भूल दिलेली होती. गुडघ्याचं ऑपरेशन होतं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी नर्सला विचारलं, "माझ्या कागदावर देश म्हणून 'युनायटेड किंगडम' कुणी लिहिलं?" ती बिचारी म्हणाली, "नो वरीज, डार्लिंग." त्यावर तात्यांनी तिला, मला आणि शेजारच्या पलंगावरच्या ग्रीक आजोबांना जे सुनावलं, त्यातून त्यांची प्रकृती उत्तम असल्याचं डॉक्टरांनी न तपासताच ओळखलं.

आमची पहिली भेट सुपरमार्केटातली. मी नुकताच पुण्याहून ऑस्ट्रेलियात, ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात राहायला आलो होतो आणि परदेशी खाद्यपदार्थांच्या रांगेत बेसन शोधत होतो. तिथे एका फळीवर 'इंग्लिश' अशी पाटी होती. लालबुंद चेहऱ्याचे, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ त्या फळीवरचे ओटच्या बिस्किटांचे पुडे उचलून खालच्या रिकाम्या फळीवर मांडत होते. मला ते दुकानातले कर्मचारी वाटले. बेसन कुठे मिळेल असं विचारल्यावर ते गरकन वळले. "मी इथे कामाला नाही. मी ही स्कॉटिश बिस्किटं सोडवतोय." सोडवणं हा इथल्या दुकानदारीतला काहीतरी प्रकार असेल अशा समजुतीने मीही चार पुडे खाली नेले. उत्साहाच्या भरात कस्टर्ड पावडरचा डबाही उचलला, तर हातावर चापट बसली. "ते त्यांचं आहे! आपल्याला त्यांचं काही नको." घरी परतताना कळलं की हे गृहस्थ आमच्या भाड्याच्या घराला लागूनच राहतात.

त्यांचं खरं नाव उच्चारायला घशातून जो आवाज काढावा लागतो तो आमच्या घराण्यात कुणालाच काढता आला नाही. म्हणून माझ्या बायकोने, वर्षाने, त्यांना 'तात्या' करून टाकलं. ज्यांची चाहूल लागली की घरातल्या टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतो, ते तात्या. अर्थ काय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी "टोळीचा प्रमुख" असं ठोकून दिलं. त्यांना ते अजिबात अतिशयोक्त वाटलं नाही.

आता माझ्या मानेविषयी सांगायला हवं. तात्यांचं इंग्रजी मला पहिले काही महिने कळतच नव्हतं. कुंपणापलीकडून ते जे काही तावातावाने बोलत, त्याला मी आपली पुणेरी मान डोलवत असे. आपल्याकडे अशा डोलण्याचा अर्थ 'ऐकतोय, चालू द्या' एवढाच. तात्यांनी तो 'शंभर टक्के पटलं' असा घेतला. एका शनिवारी बघतो तर माझ्या जुन्या कॅमरी गाडीच्या मागच्या काचेवर निळं स्टिकर: 'येस'. मी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा पाठीराखा झालो होतो आणि मलाच पत्ता नव्हता. शेजारच्या क्लेटनमधल्या देशी किराणा दुकानात एकाने विचारलं, "येस कशाला, भाई?" मी म्हटलं, "घरात शांतता राहावी म्हणून." पुढे इथे ऑस्ट्रेलियात वेगळ्याच प्रश्नांवर मतदानं आली, तेव्हाही त्या स्टिकरमुळे लोक मला आपल्या बाजूचा समजून हात हलवत किंवा हॉर्न मारत. मीही हात हलवत असे. काढायला गेलो तर ते निघतही नव्हतं.

हळूहळू त्यांचं बोलणं कळू लागलं, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तात्या इंग्लंडला शिव्या देत नसत. इंग्लंडच्या भल्यासाठी तळमळत. "हे दोघांच्याही हिताचं आहे, पोरा!" हे त्यांचं पालुपद. "त्यांना वाटतं आम्ही त्यांच्या पैशावर जगतो. आम्हाला वाटतं ते आमच्या तेलावर जगले. दोघांनाही आपणच दुसऱ्याला पोसतोय असं वाटतंय, तर थांबवा की पोसणं! आम्ही मत देतो एकाला, सरकार येतं भलत्याचंच. युरोपात राहायचं म्हणालो, तर कॉलरला धरून बाहेर काढलं. आणि तोटा त्यांचाही आहे. आम्ही निघालो की त्यांना पहिल्यांदा आरशात स्वतःचा चेहरा दिसेल. आत्ता 'ब्रिटन, ब्रिटन' करत स्वतःचं नाव विसरून बसलेत!"

एकदा मला चेव आला. म्हटलं, तात्या, आमच्याकडे रेल्वे बांधायला, चहाचे मळे लावायला, पलटणी चालवायला तुमचीच माणसं आली होती. आता तुम्ही गुलामीच्या गोष्टी कसल्या करता? वाटलं, म्हातारा गप्प होईल. ते कुंपणावर हात आपटून म्हणाले, "गुलाम? कोण म्हणालं गुलाम? आमच्या सरदारांनी इंग्लंडशी एक व्हायच्या करारावर सह्या केल्या आणि आम्ही दरोड्यात भागीदार झालो. तुमच्या घरावरही घातला. पण दरोड्यातल्या भागीदाराला टोळी सोडायचा हक्क नाही का?" मागून शांत आवाज आला, "आणि इथल्या मूळ लोकांकडून घेतलेल्या जमिनीवर उभा राहून हा स्वतःचा देश मागतोय, हेही सांग त्याला." त्या जोनकाकू. तात्यांच्या पत्नी, आणि इंग्लिश. उत्तर इंग्लंडातल्या, सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावरच्या एका गावच्या.

काकूंचा मुद्दा साधा होता, आणि तो तात्यांनी कधीच नीट ऐकून घेतला नाही. "तुम्ही जाल. पण लंडनची चीड काय तुम्हालाच येते? आमच्या उत्तरेलाही येते. तुम्ही गेल्यावर आम्ही एकटे त्यांच्या तावडीत. माझ्या आईचं दुकान या बाजूला, गिऱ्हाईक त्या बाजूला. मध्ये चौकी बसली तर कुणाचं भलं? आणि आम्हाला कुणी विचारलंय का?" तात्या म्हणत, "जाणाऱ्याने ठरवायचं असतं. राहणाऱ्याने रुमाल हलवायचा."

पण खरी गोष्ट याच्याही खाली होती. २०१४ साली तिकडे मतदान झालं. तात्यांना मत नव्हतं, कारण ते तिथे राहत नव्हते. एडिंबरात शिकायला आलेल्या इंग्लिश पोरालाही मत, आणि यांना नाही. मी सहानुभूती दाखवायला गेलो तर माझ्यावरच ओरडले, "बरोबरच आहे! जो तिथल्या पावसात भिजतो त्याने ठरवावं!" निकाल 'नाही' असा लागला. त्या दुपारी तात्यांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं की स्कॉटलंड स्वतंत्र होईपर्यंत ब्रिटनच्या बेटावर मी राहायला जाणार नाही. निवृत्तीनंतर परत जायचं हे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. तिकडे काकूंची एकुलती बहीण विधवा झाली होती, गुडघे गेले होते, एकटी राहत होती. काकू थांबल्या. एका देशाच्या दुसऱ्या मतदानाची वाट बघत एक बाई ग्लेन वेव्हर्लीत गुलाब छाटत राहिली, आणि ते मतदान काही होईना.

हे कळल्यावर वर्षा जी पेटली! "आणि तू त्यांचं स्टिकर लावून फिरतोस?" मी म्हटलं, अगं, निघत नाही ते.

तिने दोघांना रविवारी जेवायला बोलावलं. पाटवडीचा रस्सा केला होता, नागपुरी, मुद्दाम. पहिल्याच घासाला तात्यांचा चेहरा लालच्याही पुढे गेला. "हे तुमच्या महाराष्ट्राचं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. वर्षा म्हणाली, "महाराष्ट्राचं नाही, विदर्भाचं. आमचंही वेगळं राज्य मागणं चालू आहे." मी हसलो. काही वाईट हेतू नव्हता. पुण्यात हा विषय निघाला की हसायचीच पद्धत आहे. "विदर्भ वेगळा! अगं, चालवणार कसा?"

"काऊन हसून राहिला बे तू?" वर्षा चिडली की पुण्यातली सगळी वर्षं पुसून टाकते. "कोळसा आमचा, वीज आमच्याकडे बनते, धूर आमच्या छातीत, अन् दिवे तुमच्याकडे. वर्षातून एकदा हिवाळ्यात अधिवेशनाला येता, संत्री खाता, अन् जाता!"

वर्षाने हे सगळं इंग्रजीत सांगताच तात्यांनी काटा टेबलावर आदळला. "हेच! हेच हसू! लंडनमध्ये नोकरी केली तेव्हा रोज ऐकलं मी हे हसू! काचेवर 'येस' लावून हा माणूस घरात लंडन आहे!" मला खरोखर राग आला. म्हटलं, आमची भाषा एक, माणसं एक, हे प्रकरणच वेगळं; तुम्ही गेल्यावर आमचं काय, आणि आम्हाला कुणी विचारलंय का? बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी शब्दन् शब्द जोनकाकूंचा वापरतोय, आणि काकू मात्र माझ्याकडे न बघता वर्षाकडे बघतायत. जाताना काकूंनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला.

पुढच्या महिन्यात त्यांच्या अंगणात बार्बेक्यू होता. लंडनचं सरकार दुसऱ्या मतदानाला परवानगी देत नाही म्हणून तात्या चिमटा हवेत नाचवत होते. "परवानगी? जायचंय मला, आणि ज्याला सोडून जायचं त्याचीच परवानगी मागू?"

"बरं झालं तूच म्हणालास," काकू म्हणाल्या. "मी तिकीट काढलंय. एकटीचं."

सॉसेज जळायला लागले. तात्या म्हणाले, "कुणाला विचारून?"

काकूंनी गॅस बंद केला. वर्षाने माझा पाय इतक्या जोरात दाबला की मी बोलणार होतो ते राहून गेलं. तात्यांच्या हातातला चिमटा हवेतच थांबला. इतक्या वर्षांचे सगळे मुद्दे एकामागून एक आठवून बघत होते बहुधा, आणि एकही स्वतःच्या बाजूने उभा राहत नव्हता. काकूच शेवटी म्हणाल्या, "दोघांच्याही हिताचं आहे, डिअर. तुला ओरडायला घर मोकळं, आणि मला माझी बहीण."

त्यांनी अडवलं नाही. तत्त्वाचा माणूस! बॅगा स्वतः उचलून गाडीत ठेवल्या. त्या इतक्या जड का, चाकं इतकी निकृष्ट का, असा सगळ्यांशी भांडत भांडत. मग घरात गेले, आणि आमच्या बाजूला पहिल्यांदाच शांतता पसरली. मला ती सहन होईना. मला तर संतापच आला होता. त्या बाईने इतकी वर्षं थांबायचं, आणि हा तत्त्वनिष्ठ म्हातारा तिला एका शब्दाने 'थांब' म्हणणार नाही, 'मी येतो'ही म्हणणार नाही!

ते संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. एकदा ताटावरून मान वर करून म्हणाले, "मला विरोध कर." मी म्हटलं, कशाला? "कशालाही. इंग्लंडच्या बाजूने बोल." मी प्रामाणिकपणे म्हटलं, लंडन फार छान शहर आहे. "हा काय विरोध झाला?" ते ओरडले, पण त्या ओरडण्यात जीव नव्हता. वर्षाने गुपचूप त्यांच्या भातावर आणखी रस्सा वाढला.

हिवाळ्यात त्यांच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली. चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर, लगेच गेलं. तात्या काकूंकडे निघाले होते, आम्हीच त्यांना विमानतळावर सोडायला निघालो. मोनॅश फ्रीवेवर ट्रॅफिक तुंबलेला. शांतता असह्य झाली की मी मूर्खासारखं काहीतरी बोलतो. म्हटलं, "म्हणजे तात्या, शेवटी ब्रिटनची युनियनच जिंकली!"

गाडी थांबलेलीच होती, नाहीतर त्यांनी थांबवली असती. "अरे गाढवा! स्कॉटलंडने जायलाच हवं! उद्या जायला हवं! तीनशे वर्षांपूर्वी सह्या झाल्या तेव्हा आमच्या एका तरी कोळ्याला, एका तरी मेंढपाळाला कुणी विचारलं होतं? लग्नाआधी मला जोनने विचारलं होतं. नाचाच्या हॉलबाहेर, पावसात. आणि मी स्वतःच्या तोंडाने हो म्हणालो होतो."

"पण २०१४ ला विचारलं की त्यांना," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. "लोक नाही म्हणाले."

"म्हणाले! मान्य! पण एकदा विचारलं म्हणजे जन्मभराचं विचारून झालं?" पुढची गाडी हलली, मागच्याने हॉर्न दिला, तरी मी बघतच राहिलो. तात्या खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. मान ताठ, कान लाल. "घराची पाटी लावायच्या आदल्या दिवशी जोनचा फोन आला होता," ते म्हणाले. "तिने पुन्हा विचारलं."

वर्षा मागच्या सीटवरून पुढे वाकली. "मग? काय म्हणालात तुम्ही?"

"आधी निषेध नोंदवला," तात्या म्हणाले. "सविस्तर. मग हो म्हणालो."