दुसरी किल्ली

हल्ली वॉशरमामांकडे लोक सल्ला मागायला येतात. येणाऱ्याने चार पैसे साठवलेले असतात, एखादी छोटी जागा घेऊन भाड्याने द्यावी असं त्याच्या डोक्यात शिरलेलं असतं. जागा कुठली घ्यावी, कर्ज किती काढावं, भाडं किती मागावं, असे प्रश्न तो कागदावर लिहूनच आणतो. मामा सगळं ऐकून घेतात आणि उलट त्यालाच विचारतात, "दुसरी किल्ली कुणाकडे ठेवणार?" समोरचा गोंधळतो. मग मामा त्याला बसायला सांगतात.

मामा नळाची कामं करायचे, तब्बल एकतीस वर्षं. खिशात कायम निरनिराळ्या मापांचे वॉशर खुळखुळायचे, म्हणून हे नाव. खरं नाव बँकेच्या पासबुकाखेरीज कुठे उरलं नव्हतं. या वर्षांत त्यांनी शेकडो भाड्याची घरं पाहिली, तीही सिंकखाली उताणं पडून. घराचा स्वभाव तिथूनच कळतो, असं त्यांचं म्हणणं. घरमालकाचासुद्धा. एका घरात छतातून पाणी टपकत होतं, पलंगावर बादली ठेवली होती आणि तिथली बाई चार महिने मालकाला फोन लावत होती. शेवटी तिने पदरच्या पैशाने मामांना बोलावलं. मामांनी पैसे घेतले, धंदा तो धंदा, पण त्या मालकाला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली. आपण कधी मालक झालोच, तर भाडेकरूवर फोन करायची वेळसुद्धा येऊ द्यायची नाही, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. माणसाने चांगलं ठरवलं होतं, पण घोटाळ्याची सुरुवात तिथेच झाली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसायचं नाही. नळवाल्याला असं सांगणं म्हणजे गवयाला तोंड उघडू नको म्हणण्यासारखंच. मूलबाळ नव्हतं, पेन्शन नव्हतं. होतं तेवढं घालून एक जागा घ्यायची आणि तिच्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, असं मामा-मामींनी ठरवलं.

जागा मात्र त्यांनी घ्यावी तशीच घेतली. दलाल खिडकीतून दिसणारं झाड दाखवत होता, तेव्हा मामा न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला तळहात लावून उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, सगळी इमारत अंघोळी करत असताना, ते परत गेले आणि घरातले सगळे नळ एकदम सोडून पाहिले. खालच्या मजल्यावर जाऊन छताला ओल येते का, तेही विचारून आले. दोन जागा नापास झाल्या. त्यातल्या एकीवर मामींचा जीव जडला होता.

"आपल्याला कुठे राहायचंय तिथे?" मामा म्हणाले. "प्रेमात पडायचं ते भाडेकरूने."

तिसरी जागा दिसायला कळकट, पण आतून ठणठणीत. दुसरा मजला, दोन खोल्या. मामींनी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला काढायला लावली. "घर आहे, कधी रिकामंही राहील," त्या म्हणाल्या. लेखी करार केला, भिंतींचे फोटो काढले, भाडेकरूच्या आधीच्या मालकाला फोन करून चौकशी केली. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

पहिलं भाडेकरू जोडपं नवीन लग्नाचं. दोघंही दिवसभर कामावर. त्यांना कशाला त्रास, म्हणून मामा दर गुरुवारी आपल्या किल्लीने आत जायचे, वॉशर बदलायचे, शॉवरची भोकं सुईने साफ करायचे. एकदा सिंकची जाळी काढताना भांडी मध्ये आली, तर तीही घासून ठेवली. पाचव्या महिन्यात जोडप्याने बदली झाल्याचं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात मामांना ते भाजी घेताना दिसले. बदली शेजारच्या गल्लीत झाली होती.

दुसरा एक कारकून होता, एकटा आणि अबोल. चौथ्या महिन्यात तोही गेला, कारण न सांगता. दोन्ही वेळा घर दोन-दोन महिने रिकामं राहिलं. शॉवरला जोर कमी पडतोय, असं मामांचं निदान झालं. त्यांनी नवा बसवला.

तिसरी आली ती नर्स. वक्तशीर बाई, भाडं एक तारखेला हातात. तिला राहायला येऊन तीन महिने झाले असतील. एका गुरुवारी अकराच्या सुमारास मामा आत शिरले आणि सिंकचा नळ खोलून बसले. मागे चाहूल लागली म्हणून वळले, तर दारात ती उभी. रात्रपाळी करून येऊन झोपली होती. दोन्ही हातांनी छत्री उगारून धरली होती.

"सिस्टर, मी आहे," मामा गडबडीने म्हणाले. "मालक."

तिने छत्री खाली केली नाही. "काय करताय इथे?"

"नळ बघत होतो."

"नळ चांगला आहे."

"महिन्याभरात गळला असता."

"मग महिन्याने मी फोन केला असता." आता तिचा आवाज स्थिर झाला होता. "झोपताना मी आतून कडी लावत नव्हते, मामा. बऱ्याच वर्षांनी असं घर मिळालं होतं. आजपासून लावीन. आणि महिन्याभरात दुसरी जागा बघीन."

मामांनी नळ होता तसा जोडला आणि ते घरी आले. मामी उसवलेली उशी शिवत होत्या. मामांनी सगळं सांगितलं, स्वतःची बाजू जरा लांबवूनच.

"माझ्या स्वयंपाकघरात न विचारता तुम्ही डबे हलवले, तर मी काय करते?" मामींनी विचारलं.

"घर डोक्यावर घेतेस."

"त्या तिघांना तेही करता येत नव्हतं. छत तुमचं होतं." त्यांनी दोरा तोडला. "दलाली आणि तो शॉवर धरून, बाजूला ठेवलेल्यातलं आता एका महिन्यापुरतं उरलंय. ही गेली तर जागा विकावी लागेल."

 मामांना जागेची काळजी वाटली, पण त्याहून जास्त लाज वाटली. त्या बादलीवाल्या बाईचा मालक कधी येत नव्हता, आणि हे कधी जातच नव्हते. घर भाड्याने दिलं खरं, पण त्यांनी ते कधी हातचं सोडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा गेले आणि या दारावर पहिल्यांदाच घंटा वाजवली. नर्सने दार बोटभर उघडलं. "ही दुसरी किल्ली," मामा म्हणाले. "तिसरी केलेली नाही." तिने हात बाहेर काढून किल्ली घेतली आणि दार लावून घेतलं. आत कडी सरकल्याचा आवाज झाला. मामा कठड्याला धरून खाली उतरले.

पुढचा महिना वाईट गेला. गुरुवार आला की मामांचे हात शिवशिवायचे. त्यांनी स्वतःच्या घरातले नळ इतक्यांदा खोलले, की मामींनी पाना लपवून ठेवला. दलालाला जागा दाखवायला सांगावी का, यावरही दोघांचं बोलून झालं. महिना संपायला दोन दिवस उरले असताना फोन वाजला. नर्सचा. किल्ल्या परत घ्यायला बोलावतेय, असं समजून मामांनी तो जड हाताने उचलला.

"मामा, सिंकखाली पाणी साचतंय. तुम्ही म्हणाला होतात तोच नळ."

"तुम्ही जागा सोडताय ना पण?"

"तुम्ही आधी नळ तर बघा. चारला या, मी जागी असते."

मामा पावणेचारलाच पोहोचले. दोन जिने चढून गुडघे बोलू लागले होते. पिशवी मांडीवर घेऊन ते पायरीवर बसले आणि बरोबर चार वाजता उठून त्यांनी घंटा वाजवली. पाण्याचा थेंब कुठल्या खोलीत पडतोय ते भिंतीपलीकडून ओळखणारा त्यांचा कान. ते कडीचा आवाज ऐकायला थांबले. पावलं आली, दारापाशी थांबली. कडीचा आवाज झालाच नाही, दार नुसतं उघडलं.

 मामा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं.